किल्लीला बांधलेली पाटी

१ डिसेंबर २०२५, सोमवार

नव्या वर्षाची वाट न बघता जुन्याच डायरीच्या उरलेल्या पानांवर लिहायला बसले आहे. अनंत म्हणाला, "ऑफिसचा राग मला सांगण्यापेक्षा लिहून काढ, निदान माझा चहा तरी शांतपणे होईल." बँकेतून निवृत्त झाल्यापासून नवऱ्याला शांततेची फार हौस आली आहे.

तर आजचा राग. नव्या कामगार कायद्याने बायकांना संध्याकाळनंतरच्या पाळ्यांमध्येही काम करायची मुभा दिली. अटी आहेत: बाईची स्वतःची लेखी संमती, वेगळं स्वच्छतागृह, घरी सोडायला गाडी, सुरक्षेची व्यवस्था. आमची कंपनी चाकणला गाड्यांच्या सीट बनवते आणि तिथला मनुष्यबळ विभाग मी सांभाळते. सीटचे लोखंडी सांगाडे पुरुष जोडतात. वरची कव्हरं पहिल्या पाळीत बायका शिवतात, दुसऱ्या पाळीत ठेकेदाराची पोरं. लाईन लीडर व्हायचं तर पाळ्या फिरून कराव्या लागतात. बायकांची पाळी फिरतच नाही, म्हणून आजवर आमच्याकडे एकही बाई लाईन लीडर झालेली नाही. लीडर म्हणून कोण, तर ज्याला सुईत दोरा ओवताना घाम फुटतो असा एखादा पोरगा.

मी प्लँट हेडना, म्हणजे ज्ञानेश सरांना म्हटलं, आता आपणही सुरू करू. ते म्हणाले, "कशाला बायकांना त्रास, मॅडम?" बायकांच्या त्रासाची काळजी पुरुषांना नेमकी बढतीच्या वेळेलाच वाटते.

दुपारी सायली केबिनमध्ये आली. चिखलीची सून, राजगुरुनगरकडची माहेरवाशीण, आमच्या शिलाईतला सगळ्यात चांगला हात. उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, आता तर कायदाच आलाय. मी दुसरी पाळी करते. मला लीडर व्हायचंय." एवढं सरळ या कंपनीत कुणी काही मागत नाही. मी तिला शब्द दिला.

१० डिसेंबर, बुधवार

एक लढाई जिंकले. संमतीपत्रावर बाईच्या सहीखाली 'पती किंवा पालक यांची सही' अशी एक ओळ कुणीतरी घुसडली होती. मी म्हटलं, सर, कायदा बाईची संमती मागतो, नवऱ्याची नाही. ते म्हणाले, "अहो, उद्या तो गेटवर येऊन भांडला म्हणजे?" मी म्हटलं, मग मी आहे ना भांडायला. ओळ गेली.

दुसरी लढाई जागेची. सध्या बायका ऑफिसच्या इमारतीतलं टॉयलेट वापरतात, पण ऑफिस संध्याकाळी बंद होतं. दुसऱ्या पाळीसाठी शॉपवरच, म्हणजे जिथे काम चालतं तिथेच, बांधायला हवं. मला शिलाईच्या लाईनशेजारी हवं होतं. सर म्हणाले, ड्रेनेजची लाईन सांगाड्यांच्या विभागामागून जाते, इकडे आणायची तर सगळी फरशी खोदावी लागेल. म्हणजे शॉपच्या पार दुसऱ्या टोकाला. ठीक आहे, म्हटलं. चालायला पाय आहेत सगळ्यांना.

तिकडचं झालं की ऑफिसचं टॉयलेट शॉपवाल्यांना बंद करायचं मीच सुचवलं. जेवणाच्या सुट्टीत तिथे रांग लागते, सगळं ओलं करून ठेवतात आणि पाहुणे आले की मला लाज वाटते. आता स्वतःचं होतंय, मग आमचं कशाला हवं?

३ जानेवारी २०२६, शनिवार

आज उद्घाटन. महिला प्रसाधनगृहाचं उद्घाटन, आणि फीत कापायला सात-आठ पुरुष! ज्ञानेश सर, सांगाडा विभागाचा सुपरवायझर, आणि दादासाहेब. ज्या जमिनीवर कंपनी उभी आहे ती मूळची दादासाहेबांच्या घरची. आता मजूर आणि बसगाड्या पुरवायचा ठेका त्यांच्याकडे आहे. उंबऱ्यावर नारळ फोडला आणि सगळे पुरुष आत जाऊन नळ सोडून बघून आले. दादासाहेब बाहेर येऊन म्हणाले, "म्याडम, आमच्या घरात बी अशी फरशी न्हाई. लेकीसुनांची सोय केली, लई पुण्याचं काम झालं." मग फोटो. फोटोत मी कडेला अर्धी.

बायका लांब उभ्या राहून पेढे खात होत्या. पण खरंच छान झालंय. आरसा, खुंट्या, कचऱ्याला झाकणाचा डबा, सगळं माझ्या मनासारखं. आज फार दिवसांनी नोकरी केल्यासारखं वाटलं.

९ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस नाही झाले तोच पुरुष वापरायला लागले. आत विड्यांची थोटकं, भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या. कस्तुराबाई, आमची सफाई करणारी, म्हणाली, "म्याडम, ह्ये बायकांचं काम न्हाई." ते मलाही कळतं. मी कुलूप लावलं आणि किल्ली शिलाईच्या लाईनवर ठेवली. ती दुसऱ्याच दिवशी हरवली. दुसरी करून घेतली, तीही हरवली. कुणाच्या एप्रनच्या खिशात घरी गेली, देव जाणे. या मुलींना दोन तोळ्यांचं मंगळसूत्र सांभाळता येतं, किल्ली नाही.

शेवटी माझ्या डोक्यातून एक युक्ती निघाली. भोसरीच्या पेंटरकडून हातभर लांबीची लाल ॲक्रिलिकची पाटी करून घेतली. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'महिला प्रसाधनगृह'. तिला किल्ली साखळीने बांधली. आता हरवून दाखवा! पाटी गेटजवळ सोपानरावांच्या केबिनमध्ये टांगलेली असते. सोपानराव वयस्कर आणि सज्जन सिक्युरिटी गार्ड आहेत, बायकांना पोरी म्हणतात. मागायची, वापरायची, परत आणून द्यायची. पुरुषांना आत पाऊल टाकता येणार नाही. सुरक्षा सुरक्षा म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

अनंतला पाटीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "एवढी मोठी? विमान उतरवायचंय का?" त्याला प्रत्येक गोष्टीत गंमत सुचते.

१६ जानेवारी, शुक्रवार

कॅन्टीनमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून यंदा प्लास्टिकचे डबे नकोत म्हणून स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या दिल्या. या मुली पाणीच पीत नाहीत, हे मागेच माझ्या लक्षात आलं होतं. दिवसभर मशीनवर बसायचं आणि पाण्याला शिवायचं नाही. ओठ कोरडे, डोकं दुखतं म्हणून गोळ्या मागायला माझ्याकडे. मी छोटंसं भाषणही केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वाण घेताना सायली म्हणाली, "बाटली लई छान आहे, मॅडम. घरी वापरीन." अगं, इथे वापर!

२३ जानेवारी, शुक्रवार

शॉपवरून मधूनमधून एक विचित्र आवाज येतो. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा, एका तालात, आणि मग एकदम बंद. माझ्या केबिनच्या काचेतून सांगाड्यांच्या नुसत्या थप्प्या दिसतात. कुठलं मशीन बिघडलंय म्हणून मेंटेनन्सच्या माणसाला विचारलं तर तो हसत बूट बघायला लागला. सांगाडा विभागाचा सुपरवायझर म्हणाला, "वाकलेले पाईप ठोकून सरळ करावे लागतात, मॅडम. पोरं आहेत, थोडा आवाज होणारच." मी म्हटलं, कानाला त्रास होतो, कमी करायला सांगा. "सांगतो," म्हणाला.

आणि कस्तुराबाईची वेगळीच तक्रार. "म्याडम, मला तिकडची सफाई नगा देऊ. घाणच व्हत न्हाई तर पुसू काय?" म्हणजे एवढा खर्च करून, एवढं भांडून बांधलेली ती जागा कुणी वापरतच नाही! मी शिलाईच्या लाईनवर जाऊन विचारलं तर एकमेकींकडे बघून हसतात. "सवय न्हाई, मॅडम." "गरजच पडत नाही, मॅडम." म्हटलं, यांच्यासाठी मरमर करायची आणि यांनी हसायचं. दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

१ फेब्रुवारी, रविवार

राजगुरुनगरला अनंतच्या आतेभावाच्या मुलाचं लग्न. नेहमीप्रमाणे सकाळपासून पाणी बंद ठेवलं होतं. चहासुद्धा अर्धा कप. कार्यालयांतली टॉयलेटं पुरुषांच्या हात धुवायच्या जागेशेजारी असतात, पैठणी सावरत त्या गर्दीतून कोण जाणार? आमच्या पिढीला सवयच आहे. कॉलेजच्या सहलीला सकाळी निघून संध्याकाळपर्यंत आम्ही मुली तशाच असायचो, आणि त्याचा एक अभिमानही होता.

रंभाआत्या मात्र वेगळी बाई. नवरदेवाची आजी, घरात लग्नाची एवढी गडबड, तरी जेवणं झाल्यावर माझ्या कानाशी आली. "जाऊन आलीस का गं? लांब जायचंय." आणि हाताला धरून कार्यालयामागच्या स्वतःच्या घरी घेऊन गेली, बाहेर उभी राहिली. जेवलीस का, हे सगळे विचारतात. हे विचारणारी यजमानीण लाखात एखादी.

येताना चाकणच्या चौकात तासभर अडकलो. तरी मी आनंदात होते.

९ फेब्रुवारी, सोमवार

बायकांची दुसरी पाळी आजपासून. तूर्त प्रायोगिक. महिन्याने ज्ञानेश सर निर्णय घेणार. जमलं तर कायम, आणि सायली लाईन लीडर. नाही जमलं तर दुसरी पाळी पुन्हा दादासाहेबांच्या पोरांकडे. दादासाहेबांनी बस दिली, ड्रायव्हर वयस्कर बघून दिला. म्हणाले, "म्याडम, पोरी जायला माझी ना न्हाई. पर बाईमाणूस ते बाईमाणूस. न्हाई झेपलं तर पोरं तयार हायेत आपली." तोंड गोड आणि डोळा ठेक्यावर.

मी मुद्दाम उशिरापर्यंत थांबले. सायली लाईनच्या टोकाला उभी होती, आवाज न चढवता. एका मुलीची शिवण सरकली तर स्वतः खाली बसून उसवून दिली. तिचा नवरा रणजीत गेटवर आला होता. भांडायला नव्हे, डबा द्यायला. घरी येऊन अनंतला म्हटलं, बघ, कायदा असा उतरवायचा असतो जमिनीवर.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सायलीच्या लाईनवरचं काम पोरांच्या काळापेक्षा चांगलं निघतंय. सरांनाही कबूल करावं लागलं, जरा आंबट तोंडाने.

ती आज वर आली होती. वाटलं, लीडरच्या पत्राचं विचारायला आली असेल. तर म्हणाली, "मॅडम, ती पाटी जरा बारकी करता येईल का? नाहीतर किल्ली आमच्याकडंच ठेवली तर?" मी चिडलेच. दोनदा हरवलीत ना किल्ली? मग? एवढी सुबक पाटी करून घेतली, तर तिच्यातही खोट. ती म्हणाली, "तसं नाही, मॅडम. शॉपवरनं घेऊन जायला..." मी म्हटलं, वजन आहे का तिला? पावशेरसुद्धा नाही. ती "बरं" म्हणून गेली.

थोड्या वेळाने पुन्हा तो ठोकाठोकीचा आवाज. या सुपरवायझरला कितीदा सांगायचं?

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल दुसऱ्या पाळीत सायली लाईनवरच कोसळली. अंगात फणफणून ताप. बसनेच दवाखान्यात नेली. मी आज सकाळी जाऊन आले. डॉक्टरीण बाईंनी मलाच झापलं. "लघवीचं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलंय. पाणी पीत नाहीत, आणि दाबून धरतात. तुमच्याकडे सोय नाही का?" मी म्हटलं, अहो, नवीकोरी सोय आहे, आरशासकट! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खोटं बोलतेय.

सायली पांढरीफटक पडली होती. तिलाही रागावले. म्हटलं, शिकलेली मुलगी ना तू, एवढं कळत नाही? शरीर पहिलं, मग लीडर. तिने भिंतीकडे तोंड केलं. रणजीत म्हणाला, "तिला नका बोलू, मॅडम." मला वाईट वाटलं, पण चुकीचं काय बोलले मी?

२५ फेब्रुवारी, बुधवार

झालं एकदाचं. ज्ञानेश सरांनी बोलावलं. दादासाहेब आधीच बसलेले, हातात चहा. सर म्हणाले, "एक बाई लाईनवर पडली. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मॅडम, तुम्हीच सांगा, ते टॉयलेट वापरतात का या?"

मी आठवडाभर धुमसत होते. बोलून गेले, "नाही वापरत. सगळं करून दिलं, त्यांनाच नको आहे."

"बघा!" सर म्हणाले. "त्यांनाच नको आहे." दादासाहेबांनी मान हलवली. "म्या म्हनलो व्हतो. बाईमाणूस ते बाईमाणूस."

दुसरी पाळी तूर्त बंद. सोमवारपासून पोरं. मी म्हटलं, सर, तसं नव्हतं म्हणायचं मला. पण तोपर्यंत पुढचा विषय निघाला होता. त्या जागेत दोऱ्याचे खोके ठेवता येतील का, असा.

सायलीला अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

७ मार्च, शनिवार

घरी आल्या आल्या डायरी उघडली आहे.

उद्याचा महिला दिन कंपनीत आज साजरा केला. गुलाबाची फुलं, ज्ञानेश सरांचं भाषण, स्त्री ही शक्ती वगैरे. मी पाण्याचं महत्त्व सांगायचं म्हणून व्यासपीठावर वाणाची बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. टाळ्या पडल्या. वर दोन कप चहा.

तासाभराने ऑफिसचं टॉयलेट बंद! पाण्याची मोटर जळाली. सरांच्या केबिनला स्वतंत्र आहे, पण तिथे कोण मागणार? शेवटी गेटवर गेले. सोपानराव गोंधळले. "तुमी? तुमाला कशाला हवी, मॅडम?" त्यांच्या बाकावर दोन ट्रक ड्रायव्हर चहा पीत होते. तेही बघायला लागले. आता सांगायचं काय? मी हात पुढे केला. त्यांनी पाटी काढून दिली आणि एक ड्रायव्हर अक्षरं वाचून दुसऱ्याकडे बघत हसला.

मी पाटी उलटी धरली. उपयोग नाही, दोन्ही बाजूंनी लिहून घेतलेलं, मीच. पदराखाली घेतली तर अर्धी बाहेर. शेवटी तशीच घेऊन शॉपवर शिरले.

सांगाड्यांच्या थप्प्या डोक्याच्या वर गेलेल्या. मधून अरुंद वाट. पहिल्या थप्पीशी पोहोचले आणि कुठूनतरी ठण् झालं. मग पलीकडून. मग चारी बाजूंनी. माझ्या पावलाबरोबर एकेक ठोका. मी भरभर चालले तर भरभर. थांबले तर थांबलं. पुन्हा पाऊल टाकलं तर पुन्हा ठण्. फटींतून त्यांना लाल पाटी दिसत असणार, माणूस दिसत नव्हतं. मागून कुणीतरी शीळ घातली.

दीड महिना वर केबिनमध्ये बसून मी हाच आवाज ऐकत होते. हा, असा, एकेका मुलीच्या पावलाचा.

थप्प्या संपून मी मोकळ्या जागेत आले. समोर एक पोरगा, हातात पाईपचा तुकडा. त्याचा चेहरा उतरला. "ए, मॅडम आहेत, मॅडम!" आणि सगळं शॉप चिडीचूप. मी नुसती बाई होते तोवर वाजत होतं, मॅडम झाले तसं थांबलं. सुपरवायझर धावत आला. "काही हवं होतं का, मॅडम?"

आत गेले, कडी लावली. एवढं पाणी पोटात, आणि काही होईना. आरशात माझंच तोंड बघत उभी राहिले. दारापलीकडे सगळे कान देऊन आहेत असं वाटत होतं. तशीच बाहेर आले. परत जाताना सगळ्यांच्या माना खाली, आणि शेवटच्या थप्पीमागे एक दबलेलं हसू.

आकुर्डीला घरी येताना रिक्षात रडले. रागानेच. एकीने तरी सांगायचं होतं मला! एवढ्या जणी, एकीलाही तोंड नाही? मग आठवलं, सायली म्हणाली होती. बारकी करा म्हणाली होती. मी तिला वजन विचारलं.

९ मार्च, सोमवार

सकाळी पाटी घेऊनच ज्ञानेश सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, दुसरी पाळी बंद केली ती माझ्या चुकीच्या बोलण्यावरून, पुन्हा सुरू करा. ऑफिसचं टॉयलेट सगळ्या पाळ्यांना सगळ्या बायकांना उघडं ठेवा. आणि ठोकणाऱ्यांना समज द्या.

ते म्हणाले, "लेखी तक्रार आहे का कुणाची?"

"माझी आहे."

"तुमची कशी, मॅडम? तुम्ही मॅनेजमेंट." मग समजूत घातल्यासारखं, "पोरं आहेत हो. थोडी मस्करी चालायचीच. अंगाला हात लावला का कुणी? आणि कायदा बायकांना घेता येईल म्हणतो, घ्याच असं कुठे म्हणतो? आपण नियमात काही कमी ठेवलं का? वेगळी खोली, वेगळं दार, कुलूप. सगळं आहे."

आहे ना. कायद्यात खोली आहे, दार आहे. दारापर्यंत चालत जायचं कसं, ते कुणीच लिहिलेलं नाही. मलाही सुचलं नव्हतं, तर त्यांना काय सुचणार?

मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली. "सर, एकदा ही हातात घेऊन शॉपवरून जाऊन या. नुसतं त्या टोकाला आणि परत."

ते हसले. मला वाटलं, निदान उचलतील. तेवढ्यात चहा आला, टेबलावर कप ठेवायला जागा हवी होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकाने पाटी बाजूला सरकवली. हात लावला नाही.

ऑफिसचं टॉयलेट दिवसपाळीला उघडं ठेवायची परवानगी मिळाली. संध्याकाळचं नंतर बघू म्हणाले. तिकडच्या खोलीत दोऱ्याचे खोके गेले.

१५ मार्च, रविवार

चिखलीला सायलीकडे गेले. अनंत सोडतो म्हणाला, नको म्हटलं. खाली वर्कशॉप आणि वर दोन खोल्या. पत्र्याला खालच्या मशीनचा हादरा बसतो. सायली बारीक झाली आहे, पण चेहऱ्यावर रंग आला आहे. तिच्या सासूने पाण्याचा तांब्या-भांडं पुढे ठेवलं. मी नेहमीप्रमाणे ओठ लावून खाली ठेवलं. सायलीने स्वतःसाठी भरलं आणि गटागटा प्यायली. पुन्हा भरलं. "आता दिवसभर पिते, मॅडम."

मी तिला सगळं सांगितलं. पाटीचं, ठोक्यांचं, सरांचं. ती शांतपणे ऐकत होती. तिला त्यात नवीन काय असणार? एवढंच म्हणाली, "तुमच्या वेळी शीळ पण घातली?" आणि मग, "तुम्हाला वाजवायला नको होतं." मी म्हटलं, अगं, कुणालाच वाजवायला नको होतं.

"दुसरी पाळी?" तिने विचारलं.

"तूर्त नाही. पण मी सोडणार नाही, सायली. तू परत ये. ऑफिसचं टॉयलेट उघडलंय आता, दिवसा."

तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, कळेना. मग म्हणाली, "मी इथंच पुढच्या गल्लीत पिशव्या शिवायला जाते, मॅडम. पगार कमीच आहे. लीडर-बिडर तिथं काही नसतं. टॉयलेट पण नाही." रिकामं भांडं उचलत म्हणाली, "पण घर जवळ आहे. पाहिजे तेव्हा येऊन जाते."

या बाईला पुरी लाईन चालवता येते, मी डोळ्यांनी पाहिलंय. ती आता पिशव्या शिवणार, घर जवळ आहे म्हणून. मला भयंकर संताप आला. कुणावर काढू तेच कळेना. तीच मला म्हणाली, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

निघताना चप्पल घालत होते. ती दारापर्यंत आली आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा बेताने कानाशी म्हणाली, "मॅडम, जाऊन येता का? आकुर्डीपर्यंत जायचंय, लांब आहे."

तीन महिने मी या मुलींच्या सोयीसाठी भांडत होते. हे एक वाक्य मी त्यांच्यातल्या एकीलाही कधी विचारलं नव्हतं.

"मागं डाव्या हाताला आहे," ती म्हणाली. "कडी जरा ढिली आहे, पण तुम्ही जा. बाहेर मी उभी आहे."

मी पुन्हा चप्पल काढली आणि आत गेले.